पोटखराब्यावरचा पळ्या

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे, इतिहासाच्या शिक्षकाकडे मागावा तसाच, जिल्ह्यातील आंबेडकरी चळवळीचा आढावा मागितला होता. त्या विषयावर माझ्याहून अधिकारी मंडळी लिहू शकतील. मी मात्र एका किड्याविषयी लिहिणार आहे. ज्या पालकांनी आपली मुले विश्वासाने या वसतिगृहात ठेवली आहेत, त्यांनी हा निवृत्तीकडे झुकलेल्या मास्तरांचा छंद समजू नये. लेखाच्या उत्तरार्धात इतिहास येईलच, आणि त्यात माझी एक चूकही येईल.

वसतिगृहाच्या मागे पूर्वेकडे जो माळ आहे, तो माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. कुसळीचे गवत विरळ होत जाते, अधूनमधून तरवडाचे झुडूप दिसते आणि पुढे नुसता तांबूस-करडा मुरूम उघडा पडतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्या मुरमावर बसून राहिले, तर केव्हातरी एखादा खडाच चालू लागल्याचा भास होतो. तो खडा वीतभर धावतो, थबकतो, मान वळवून पाहतो, पुन्हा धावतो. आणि तो थांबला की आपली नजर चुकते, मग नुसता मुरूमच उरतो. सातवी-आठवीच्या मुलांनी त्याचे नाव ‘पळ्या’ ठेवले आहे. पळ्या म्हणजे पळून जाणारा नव्हे, भक्ष्यामागे पळणारा. शास्त्रीय परिभाषेच्या शोधात मी बराच काळ होतो; मुलांच्या या शब्दाहून नेमका शब्द मला सापडला नाही, म्हणून या लेखात तोच वापरतो.

पळ्या हा आपल्या परिचयाच्या खंडोबाच्या किड्याचा भाऊबंद. हिरवागार, लांब मानेचा, पुढचे दोन पाय छातीशी दुमडून बसणारा तो किडा बहुतेकांनी बांधावर किंवा रात्री दिव्यापाशी पाहिलेला असतो. पाठ्यपुस्तकात त्याला ‘प्रार्थनाकीटक’ म्हणतात. या नावाचा प्रवास मौजेचा आहे. ग्रीक भाषेत ‘मांटिस’ म्हणजे भविष्य सांगणारा. फ्रान्सच्या दक्षिणेकडील शेतकरी त्याला देवाची प्रार्थना करणारा म्हणत. लिनियसने 1758 साली युरोपातील जातीचे नामकरण करताना तिच्या नावाला ‘रेलिजिओसा’, म्हणजे धार्मिक, असे शेपूट जोडले. आपल्याकडे तो खंडोबाच्या पदरी गेला. इतक्या दूरदूरच्या लोकांनी दुमडलेले पाय पाहिले आणि सर्वांना भक्तीच दिसली! प्रत्यक्षात ते पाय म्हणजे काटेरी सांडशी आहे. मांडी आणि नडगी या दोन्हींवर आतल्या बाजूने काट्यांच्या रांगा असतात, आणि चाकू मुठीत मिटावा तशी नडगी मांडीत मिटते. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळात हा पाय सुटतो आणि भक्ष्याला धरून परत येतो. फाब्र नावाचा फ्रेंच निसर्गअभ्यासक, जो स्वतः अनेक वर्षे शाळामास्तर होता, त्याने या किड्यासमोर तासन्‌तास बसून हे सारे पाहिले आणि लिहिले. ‘एहिपस्सिको’, ये आणि स्वतः पाहा, हा शब्द मी मुलांना शिकवतो तेव्हा फाब्रचे उदाहरण देतो. किड्याच्या हातजोडीवर विश्वास ठेवू नये, जवळ जाऊन काटे मोजावेत.

या कुळाच्या जगात सुमारे अडीच हजार जाती आहेत. भारतात त्यांपैकी दीडशेहून अधिक आढळतात. झुरळ आणि वाळवी हे त्यांचे सर्वांत जवळचे नातलग. हे ऐकून मुले तोंड वेडेवाकडे करतात. परंतु पळ्याला धावताना ज्याने पाहिले आहे, त्याला झुरळाशी असलेले नाते सांगावे लागत नाही. बहुतेक जातींचा मार्ग मात्र धावण्याचा नाही, दबा धरून बसण्याचा आहे. हिरवा किडा पानात, वाळलेल्या काडीसारखा किडा गवतात, सालीच्या रंगाचा किडा बाभळीच्या खोडावर. आपण वनस्पतीसारखे दिसावे, हलू नये आणि भक्ष्य आपोआप टप्प्यात येण्याची वाट पाहावी, असा हा धंदा आहे. जेथे झाडोरा दाट, फुले पुष्कळ आणि त्यांवर येणारे कीटकही पुष्कळ, तेथे तो उत्तम चालतो.

उघड्या जमिनीवर तो चालत नाही. तेथे लपायला पान नाही, आणि भक्ष्य म्हणजे दूरदूर विखुरलेली मुंगी, एखादी माशी, लहानसा टोळ. एका जागी बसून राहणारा उपाशी मरेल. म्हणून कोरड्या प्रदेशांतील काही किड्यांनी वाट पाहणे सोडले आणि शोध घेणे पत्करले. त्यांच्या शरीराची सारी ठेवण या एका बदलामागोमाग बदललेली दिसते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सहारापासून अरबस्तान, इराणमार्गे आपल्या उपखंडाच्या वायव्य भागापर्यंत पसरलेली ‘एरेमियाफिला’ ही प्रजाती. नावाचा अर्थ ‘वाळवंटावर प्रेम करणारी’. लफेब्व्र या फ्रेंच अभ्यासकाने 1835 साली इजिप्तच्या वाळवंटातील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. जेथे गवताची काडी नाही, दुसरा किडा दृष्टीस पडत नाही, तेथे हे प्राणी त्याला भेटले. हे खातात तरी काय, या प्रश्नाने तो चक्रावून गेला होता. आणखी एक गोष्ट त्याने टिपली. जमीन तपकिरी असेल तेथील किडा तपकिरी, आणि शंभर पावलांवर जमीन पांढुरकी झाली की तेथील किडाही पांढुरका. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील काही जातींत तर वणव्यानंतर कात टाकताना किडा काळा होतो, जळलेल्या जमिनीसारखा. आपल्याकडे उन्हाळ्यात माळ पेटतात, त्यानंतरच्या आठवड्यांत हे तपासून पाहण्याजोगे आहे.

या वाळवंटी किड्याचे शरीर आखूड आणि रुंद असते, छाती जवळजवळ चौकोनी. खंडोबाच्या किड्याची ती डौलदार लांब मान येथे नाही. लांब मान वेलींच्या गर्दीतून हात पुढे करण्यासाठी ठीक, धावताना ती अडचणच. मधले आणि मागचे पाय मात्र शरीराच्या मानाने फार लांब आणि सडसडीत. त्यांचे दोन उपयोग. एक, वेग. दुसरा, तापलेल्या जमिनीपासून पोट उंच धरणे. उन्हाळ्यात दुपारी मुरमाचा पृष्ठभाग हवेहून कितीतरी अधिक तापतो, पण काही बोटे वर तीच धग उतरलेली असते. अनवाणी शाळेत आलेल्या पिढीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

पंख आखडून नुसते तुकडे उरलेले असतात. उडता येत नाही. पंखांबरोबर आणखी एक गोष्ट जाते, आणि ही मला सर्वांत विलक्षण वाटते. खंडोबाच्या किड्याच्या अनेक जातींना एकच कान असतो, तोही छातीच्या खालच्या बाजूस, मागच्या पायांच्या मध्ये. यागर आणि हॉय या अमेरिकी संशोधकांनी तो 1986 साली दाखवून दिला. रात्री उडणाऱ्या किड्याला वटवाघळाचा सूक्ष्म आवाज ऐकू यावा, एवढ्यासाठीच तो आहे. आवाज येताच किडा हवेत गिरकी घेऊन खाली कोसळतो. ज्या जाती उडत नाहीत त्यांचा हा कानही बहुधा निकामी झालेला असतो. जे वापरायचे नाही ते शरीर सांभाळत बसत नाही.

मग पळ्याकडे राहिले काय? पाय आणि डोळे. खंडोबाचा किडा मान वळवून मागे पाहू शकतो, हे सर्वांनी पाहिले असेल. कीटकांत हे दुर्मीळ आहे. त्याहून दुर्मीळ म्हणजे दोन डोळ्यांतील चित्रांची तुलना करून अंतर ओळखण्याची त्याची शक्ती, जी माणसाला, मांजराला, घुबडाला आहे. कीटकांत ती याच कुळात सिद्ध झाली आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड आणि विवेक नित्यानंद यांच्या गटाने या किड्यांना मधमाशीच्या मेणाने चिमुकले चष्मे लावले, एक काच निळी, दुसरी हिरवी, आणि पडद्यावर भक्ष्याचे खोटे चित्र दाखविले. चित्र पडद्याच्या पुढे तरंगते आहे असे वाटताच किड्याने हवेत पाय मारला. हा प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी याच गटाने दाखविले की किड्याची ही दृष्टी माणसासारखी नाही: स्थिर चित्राचे बारकावे तो जुळवीत नाही, चित्रात कोठे काही हलले एवढेच दोन्ही डोळ्यांत जुळवतो. मेंदू कणाएवढा, तेवढ्यात मावेल असा हिशेब त्याने बसविला आहे.

यातून पळ्याच्या चालीचा अर्थ लागतो. धावताना सारेच दृश्य हलते, त्यामुळे भक्ष्याची हालचाल वेगळी ओळखू येत नाही. म्हणून धाव, थांब, पाहा, पुन्हा धाव. थांबल्यावर तो कधी कधी अंग डावी-उजवीकडे डोलवतो. जवळची वस्तू अधिक सरकते, दूरची कमी, त्यावरून अंतराचा अंदाज घेतो. मुंगी टप्प्यात आली की शेवटची झेप आणि सांडशी. याच माळावरचा धाविक पक्षी अगदी असाच धावतो, थबकतो, वाकून टिपतो. पक्षी आणि किडा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उघड्या जमिनीने दोघांना एकच चाल शिकविली. अर्थात धाविकाच्या टिपण्यात पळ्याही येतो.

अंड्यांच्या बाबतीतही जमिनीचा हुकूम चालतो. झाडावरचे किडे अंडी घालताना फेस सोडतात, तो वाळून फांदीवर भुऱ्या रंगाची कडक पुडी तयार होते. कुंपणाच्या काटक्यांवर अशा पुड्या मुलांना सापडतात. वाळवंटातील एरेमियाफिलाच्या मादीला फांदी कोठली? तिच्या पोटाच्या टोकाशी बारीक काटे असतात, त्यांनी ती माती उकरते आणि पुडी जमिनीत पुरते. तिचा पुढचा वंश काही काळ अक्षरशः मातीत असतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. पश्चिमेला अकोल्यात कळसूबाई आणि मुसळधार पाऊस. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवरचा ऊस. आणि दक्षिणेला पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डीचा पर्जन्यछायेतील टापू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक येथे झिजून मुरूम होतो, वर मातीचा पातळ थर, त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल. हे वाळवंट नव्हे. येथे सहारातली एरेमियाफिला शोधू नये. परंतु त्याच घराण्यात, 2019 च्या नव्या वर्गीकरणानुसार, ‘डिडिमोकोरिफा लँसिओलाटा’ हा भारतातील वाळक्या गवताचा किडाही मोडतो. डोक्यावर दोन टोकदार शिखरे आणि अंग काडीसारखे. घराणे एक, एकाने गवताचा वेष घेतला, दुसऱ्याने खड्याचा. आपल्या मुरमावर पळणारे सारे एकाच जातीचे नसतात. काही पूर्ण वाढूनही बोटाच्या पेराएवढेच राहणारे जमिनीवासी. काही मोठ्या जातींची पिले, जी लहानपणी मुंगीसारखी तुरुतुरु धावतात आणि पुढे झुडपात स्थिरावतात. किड्याची पिले आईबापांसारखीच दिसतात, मधला कोश नसतो, त्यामुळे मुलांची फसगत होते. पंखांचे नुसते अंकुर दिसतात की पूर्ण वाढलेले आखूड पंख, हे भिंगाखाली पाहिले की बराच उलगडा होतो.

या माळाचे इतर रहिवासी अधिक प्रसिद्ध. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य 1980 चे. त्याच्या आदल्या वर्षी सोलापूर आणि आपल्या जिल्ह्याच्या काही तालुक्यांत मिळून माळढोकाचे अभयारण्य घोषित झाले; आज माळढोक पाहिलेला माणूसच शोधावा लागतो. दख्खनच्या पठारावरील रंगीत गळ्याच्या सरड्यांचा एक गट 2016 साली शास्त्रज्ञांनी वेगळा काढला आणि त्या प्रजातीचे नाव ठेवले ‘सरडा’, आपला मराठी शब्द, जसाच्या तसा. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

आणि या साऱ्यांच्या पत्त्याला सातबाऱ्यावर शब्द काय? पोटखराबा. इंग्रजी अमदानीत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात 1835-36 च्या सुमारास जी जमीनमोजणी सुरू केली, तीच पुढे मुंबई इलाख्याची पद्धत झाली. मातीची खोली, रंग आणि दोष पाहून जमिनीचे वर्ग पाडले गेले, प्रत्येक वर्गाची किंमत आण्यांत. सोळा आणे काळी खोल जमीन. उतरत उतरत हलकी बरड. आणि ज्यावर सारा बसविता येत नाही तो खराबा. सरकारचा प्रश्न एकच होता: येथून किती वसूल होईल? उत्तर शून्य आले, आणि शून्य हेच त्या जमिनीचे नाव झाले. ती पद्धत त्या काळापुरती समजण्यासारखी आहे. पण राज्य गेले, आणे गेले, शब्द मात्र राहिला. 1985 साली केंद्र सरकारने पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केले, तेव्हा गवताळ माळांची गणतीही पडीक म्हणूनच होत राहिली, आणि पडीक म्हटले की तेथे काहीतरी केलेच पाहिजे, असा ग्रह होतो.

माझाही तोच ग्रह होता. काही वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या उत्तरेकडील माळावर वृक्षारोपण करण्याचा पुढाकार मीच घेतला. सलग चर खोदले, गिरिपुष्पाची रोपे लावली, मुलांनी बादल्यांनी पाणी घातले. वार्षिक अहवालात मी लिहिले: ‘ओसाड माळ हिरवा केला’. रोपे जगली, सावली पडली, पालापाचोळा साठला. नंतर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पळ्या तिकडे का नाही दिसत? इकडेच का?” मी तिला तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नंतर कपाटातून तो अहवाल काढून वाचला. जुन्या दस्तऐवजातील शब्द कोणी, कोणासाठी लिहिला हे विचारावे, असे मी वर्गात तीस वर्षे सांगत आलो. स्वतःच्या हस्ताक्षरातील ‘ओसाड’ या शब्दाला मी ते विचारले नव्हते. झाडे लावू नयेत असे मी म्हणत नाही. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीच्या जिल्ह्यात पाणलोटाच्या कामाला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा कोणी करू नये. कोठला चर कोठे खोदावा, हे आधी जमिनीवर बसून पाहायला हवे होते, एवढेच.

येथे आपल्या समाजाला बोचणारा एक प्रश्न उभा राहतो, तो टाळून चालणार नाही. गायरान आणि पड जमीन हीच भूमिहीनांच्या वाट्याला येऊ शकणारी जमीन होती. महार वतनाच्या जमिनी तुटपुंज्या, आणि त्यांच्या मोबदल्यात राबणूक गावभरची. म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964 च्या डिसेंबरात भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातील प्रमुख मागणी. आमच्या घरातील वडीलधारी त्यात तुरुंगात गेली. आज कोणी काळविटाचे किंवा किड्याचे नाव पुढे करून गायरानावरची एक-दोन एकरांची भाकरी काढून घेऊ म्हणेल, तर मी त्या किड्याच्या बाजूने उभा राहणार नाही. परंतु मला दिसते ते असे, की ‘पडीक’ या शब्दाचा लाभ भूमिहीनाला फारच थोडा झाला. त्याला सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी पिढ्या घालवाव्या लागतात. मोठ्या प्रकल्पाला तीच जमीन पडीक म्हणून सहज मोकळी होते. मेंढ्या चारणारे धनगर, सरपण वेचणाऱ्या बाया, गायरान कसणारे आपले लोक आणि मुरमावरचा पळ्या, या सर्वांचा निवास त्या एका शब्दाने एकाच फटक्यात कागदावरून पुसला जातो.

पूर्वेकडील माळाचा पट्टा आहे तसा राखण्याचे संस्थेने मान्य केले आहे. तेथे खड्डे नाहीत, रोपे नाहीत. पावसाळ्यानंतर गवत कापायचे ते विळ्याने आणि एका वेळी निम्मेच. आठवीच्या वर्गाने एक वही घातली आहे. तारीख, वेळ, ऊन की ढग, किती पळ्ये दिसले, कोणाच्या मागे धावत होते. पहिल्या पानांवर ‘आज काही दिसले नाही’ अशा नोंदी अधिक आहेत. त्या खोडू नका, असे मी सांगितले आहे.

माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दिवशी ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सकाळी आठपर्यंत वसतिगृहाच्या मागच्या फाटकाशी यावे. नऊनंतर ऊन चढते आणि मुलांनाही कार्यक्रमाच्या तयारीला जावे लागते. बसायला टॉवेल आणावा, मुरूम टोचतो. भिंगे शाळेत सहाच आहेत, ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपले आणावे.